वक्तशीर मोटार आणि म्हसोबाचा चढ

आष्ट्याच्या अलीकडे एक चढ आहे. आहे म्हणजे, लालासाहेब जगदाळ्यांची मोटार तिथं बंद पडायला लागेपर्यंत तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्या वाटेनं गुळाच्या गाड्या गेल्या, हळदीच्या गेल्या, वऱ्हाडं गेली. पण इथं चढ आहे अशी तक्रार एकाही बैलानं कधी केली नव्हती. पायथ्याला शेंदूर फासलेला म्हसोबा होता, म्हणून लोक त्याला म्हसोबाचा चढ म्हणत. तेही कौतुकानं. सव्वाचार फुटी माणसाला आपण भीमराव म्हणतो, तसं.

दिवस लढाईचे होते. साखर चिठ्ठीवर, कापड चिठ्ठीवर, रॉकेल चिठ्ठीवर, आणि पेट्रोल तर चिठ्ठी दाखवली तरी हसून परत पाठवणारं. साताऱ्यातल्या निम्म्या मोटारी परसात उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. शहाण्या माणसानं यावरून काय तो बोध घेतला असता. लालासाहेबांनीही घेतला. कचेरीतून अव्वल कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झालेले, हाताला काम नाही; त्यांनी मोटार विकत घेतली.

"सगळ्यांच्या मोटारी बंद आहेत," त्यांनी पत्नीला समजावलं. "म्हणजे चढाओढ नाही. संकटात संधी असते, ती अशी."

"आवं, पन सगळ्यांच्या बंद का पडल्यात, त्ये इचारलंसा का?" शालूबाई म्हणाल्या.

तीस वर्षांच्या नोकरीत असले मुळावरचे प्रश्न लालासाहेब नेहमी फायलीच्या तळाशी ठेवत आले होते. तिथं प्रश्न आपोआप सुटतात, निदान ते विचारणारा माणूस तरी बदलून जातो. शालूबाई मात्र बदलून जाणाऱ्या नव्हत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मोटार कोळशावर चालणारी होती. पाठीमागं पुरुषभर उंचीचा लोखंडी ड्रम, त्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा, त्याचा जो वायू निघेल तो नळीनं इंजिनात न्यायचा, आणि पुढचं देवावर सोडायचं. निघण्याआधी अर्धा तास हातानं पंखा फिरवून ड्रमला वारा घालावा लागे. तो सोहळा बघायला सगळी आळी जमली. त्यात शेजारचे भाऊसो होते. भाऊसो पेन्शनर जमादार. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला जाऊन आले होते. तिथं त्यांनी काय केलं हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, पण जगात अशी एकही वस्तू उरली नव्हती जी भाऊसोंनी बसऱ्याला आधी पाहिली नव्हती.

"बसऱ्याला असलं यंत्र व्हतं," भाऊसो मोटारीला एक प्रदक्षिणा घालून म्हणाले. "पन लालासाहेब, ही मोटार न्हवं, ही बाळंतीण हाय. बुडाखाली शेगडी ठेवून शेक दिल्याबिगर उठायची न्हाई."

झालं. रंगाऱ्याकडून लालासाहेबांनी मोटारीच्या दोन्ही अंगांना 'जगदाळे मोटार सर्व्हिस, सातारा ते सांगली, वक्तशीर' अशी तांबडी अक्षरं काढून घेतली होती. ती आजतागायत कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. साताऱ्यात विचारलं तर लोक सांगत, बाळंतीण सहाला सुटते.

चालवायला आकाराम होता. पलटणीत लॉरी हाकून गुडघा दुखावला म्हणून घरी आलेला. तो लालासाहेबांना 'साब' म्हणे. उभ्या आयुष्यात त्यांना साब म्हणणारा हा पहिला माणूस, त्यामुळं त्याचं मोटारीविषयीचं अज्ञान त्यांनी फार मनावर घेतलं नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे लालासाहेब पुढचे तीन महिने दिवस का मोजत होते ते कळेल. मोटारीचा परवाना हंगामी होता, तीन महिन्यांचा. त्यानंतर परवान्याचे साहेब येणार, मोटारीत बसून बघणार, आणि मग कायमचा तरी देणार, नाहीतर काढून घेणार. काढून घेतला तर काय, याची सोय नानासोंनी करून ठेवली होती. नानासो हे शालूबाईंचे धाकटे भाऊ. सांगलीत त्यांची हळदीची पेढी. मोटार घेतल्याचं कळताच त्यांचं कार्ड आलं : 'दाजींना साष्टांग नमस्कार. धंद्यास शुभेच्छा. पेढीवर मुनिमाची जागा रिकामी ठेवत आहे. घाई नाही.'

त्यातलं 'घाई नाही' लालासाहेबांना फार लागलं. लग्नात याच नानासोनं मांडवात उभं राहून त्यांचा कान पिळला होता. नवरीच्या भावाचा तो मानच असतो, फेटा मिळेपर्यंत पिळायचा. तेव्हा नानासो नऊ वर्षांचा होता आणि तरी कान तीन दिवस दुखत होता. आता पन्नाशीपुढं, कोपरापर्यंत पिवळं होऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं आणि तोच कान रोज पुढं करायचा? त्यापेक्षा कोळसा बरा. कोळशानं माणूस काळा होतो, पण काळं होणं लालासाहेबांना त्यातल्या त्यात पुरुषी वाटे.

पहिल्या खेपेला मोटार चढ चढली. हे मुद्दाम सांगायला पाहिजे, कारण नंतर कुणाचा विश्वास बसत नाही. ती अडकली पुढं, हद्दीवरच्या जकात नाक्यावर. इकडं इंग्रजांचा मुलूख, तिकडं संस्थान, आणि मधे एक आडवा बांबू. बांबूपाशी चष्म्याची दांडी सुतानं बांधलेले एक कारकून बसले होते.

"पोत्यांत काय?"

"कोळसा. मोटारीचा," लालासाहेब म्हणाले.

"विकायला?"

"जाळायला."

"विकणारेही जाळायलाच विकतात." कारकुनांनी वही उघडली. "माल असेल तर जकात. इंधन असेल तर माफ. ड्रममधलं जळतंय, तेव्हा ते इंधन, हे दिसतंच आहे. पोत्यातलं अजून पेटलेलं नाही. तेव्हा ते इंधन आहे, असं आज तरी म्हणता येणार नाही."

"मग कधी म्हणता येईल?"

"अर्ज करा. तीन प्रतींत. वर विचारावं लागेल."

लालासाहेबांच्या अंगावर काटा उभा राहिला. हे वाक्य ते तीस वर्षं म्हणत आले होते. ऐकत मात्र पहिल्यांदाच होते, आणि ऐकायला ते फार निराळं लागत होतं. तरीही कारकुनांच्या स्वराला त्यांनी मनातल्या मनात दाद दिली. 'वर' म्हणताना नजर छपराकडं न्यायची खुबी तर खुद्द त्यांनाही साधली नव्हती. त्यांनी तिथंच बांबूला टेकून तीन प्रती लिहिल्या. अडीच तास गेले. मोटारीतले लोक चालत सांगलीला पोचले आणि जेवून झोपलेसुद्धा.

तोड काढली आकारामनं. "साब, पोतं दिसाय नको, येवढंच न्हवं? मंग समदा कोळसा इस्लामपुरात ड्रमात कोंबू. पेटला की इंधन. त्यो कारकून काय ड्रमात उतरतोय?"

लालासाहेबांना तोड पटली. नियमाला नियमानंच पाणी पाजण्यात जो आनंद असतो, तो कचेरीत जन्म गेलेल्या माणसालाच कळतो. दुसऱ्या खेपेपासून इस्लामपूर सुटताना ड्रम गळ्यापर्यंत ठासला जाऊ लागला. आणि पोटभर जेवलेल्या माणसाचं जिना चढताना होतं, तसं मोटारीचं व्हायला लागलं. म्हसोबाच्या चढावर निम्म्यात आली की तिचा श्वास कोंडे, ती दोनदा उचकी देई आणि थांबे. मग आकारामनं उतरून ड्रमचं खालचं दार उघडायचं, निम्मे निखारे ओढून रस्त्याकडेच्या चरीत टाकायचे, नळी गार होऊ द्यायची, राख झाडायची, पुन्हा पंखा फिरवायचा. दीड तास. कधी दोन.

परतीच्या दिवशी तोच चढ उतार होई आणि मोटार अशी पळे की वाटावं, हिला सांगलीला जायचंच नव्हतं.

सल्ले येऊ लागले. कुणी म्हणालं, म्हसोबाला कोंबडं द्या. दिलं. मोटार कोंबड्याच्या पिसांजवळच बंद पडली. कुणी म्हणालं, लठ्ठ माणसांना चढाखालीच उतरवा. लठ्ठ कोण हे ठरवताना एका सावकाराशी लालासाहेबांचा असा वाद झाला की सावकार मोटारीतून उतरला तो कायमचा. भाऊसो म्हणाले, बसऱ्याला उंटं जुंपत. तिसऱ्या आठवड्यात नानासोंचं दुसरं कार्ड आलं : 'मुनिमाच्या जागेवर नवी गादी घातली आहे. दाजींना मऊ लागते असे अक्का म्हणते.'

पौष लागला. शेतांत शाळू निसवून दाण्यावर आला. त्या सुमारास एक दिवस शालूबाई भाचीच्या बारशाला सांगलीला निघाल्या होत्या. आपल्याच मोटारीतून, पहिल्यांदाच. मोटार शिरस्त्याप्रमाणं बंद पडली. आकारामनं निखारे चरीत ओढले. तेवढ्यात वाऱ्यानं एक ठिणगी उडाली आणि शेजारच्या रानाच्या काटेरी कुंपणाला धूर यायला लागला.

"कोन हाय रं त्यो आगलाव्या?" म्हणत रानातून एक बाई धावत आली. कासोटा घातलेला, हातात विळा. तिचं नाव रंगुबाई. रान तिचंच, मालक पलटणीत, आणि त्याच्या वाटचा सगळा दरारा तो घरीच ठेवून गेलेला. तिनं कुंपण पायानं तुडवून विझवलं आणि ती मोटारीकडं वळली. आकाराम, दोन बागाईतदार आणि एक तालीमबाज पैलवान एकदम मोटारीच्या पलीकडं गेले. अलीकडं लालासाहेब एकटे उरले. त्यांनी टोपी काढली.

"बाई, सदर घटनेबद्दल आम्हांस अत्यंत..."

"ह्यो इंगळ बाभळीचा हाय न्हवं?" रंगुबाई चरीकडं बघत होती.

"होय. पण त्याबद्दलही आम्ही..."

"आन् असा चरीत वततायसा? रोजच्याला?" तिचा आवाज एकदम बदलला. आपलं कुंपण जळालं याचा राग तिला थोडाच आला होता. चांगला विस्तव वाया जातो याचं दुःख तिला आवरेना. "काय मान्सं म्हनायची का काय! समोर शाळू हुरड्यात आलाय, हितं इंगळ पडलाय, आन् ही तोंडं वाळवून हुबी ऱ्हायल्यात. बसा खाली समदी!"

ती रानात शिरली आणि कोवळ्या कणसांचा भारा घेऊन आली. पुढं काय झालं ते ज्यानं हुरडा खाल्लाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं खाल्ला नाही त्याला सांगून उपयोग नाही. निखाऱ्यांत कणसं भाजली, तळहातांवर गरमगरम चोळली, फुंकरीनं फोलपटं उडवली, आणि हिरवे वाफाळते दाणे ओंजळी-ओंजळींनी फिरू लागले. शालूबाईंनी भावासाठी बांधलेली लसणीची चटणी सोडली. इस्लामपुराला चढलेला धुळा धनगर दह्याचं मडकं सांगलीच्या बाजाराला नेत होता. त्यानं एकदा मडक्याकडं बघितलं, एकदा हुरड्याकडं, आणि फडकं सोडलं. दोन तासांनी मोटार सुरू झाली तेव्हा आकारामला माणसं हातांना धरून उठवावी लागली.

एका दलालानं निघताना खिशात हात घातला. रंगुबाई ताडकन उभी राहिली.

"पैसं? हुरड्याचं? सात पिढ्यांत आमच्या घरानं हुरडा इकला न्हाई. रानात आल्याला पाव्हना असतोय."

"पण आम्ही रोज या वाटेनं..." लालासाहेबांनी तोंड घातलं.

"अडकून आला, त्यो पाव्हना. मुद्दाम थांबून खाल्लं, तर त्ये गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला माज्याकडं कायबी न्हाई." आणि विळ्याचं टोक तिनं सहज मोटारीकडं वळवलं. "तुमची मोटार खरंच बंद पडतीया न्हवं?"

"देवाशपथ," लालासाहेब म्हणाले. आयुष्यात इतकी खरी शपथ त्यांनी घेतली नव्हती.

सांगलीत पोचल्यावर ते नेहमीप्रमाणं खचून बसले. शालूबाई मात्र बारशाच्या गडबडीतून दोनदा येऊन त्यांच्याकडं टक लावून बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमाला वाटतंया तुमी मोटारीचा धंदा करताय."

"मग कसला करतो?"

"बंद पडायचा. आन् त्यो मातुर तुमाला झ्याक जमतोया."

माणसाच्या अंगच्या गुणाची पारख घरातल्या माणसाकडून व्हावी, पण ती अशा शब्दांत होऊ नये. लालासाहेब रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी मात्र शालूबाईंनी सगळं आपल्या हातात घेतलं. हुरडा विकायचा नाही तर नाही. तिकीट सांगलीचं, पाहुणचार रंगुबाईचा. बदल्यात रंगुबाईची वांगी आणि मेथी मोटारीच्या टपावरून फुकट सांगलीच्या बाजारात. शिवाय पाहुण्यांनी रिकामं बसायचं नाही, हा रंगुबाईचा नियम. त्यामुळं कणसं भाजेपर्यंत हळदीचे दलाल रानातल्या उंच माळ्यावर उभे राहून गोफणीनं पाखरं हाकू लागले. त्यातल्या एका दलालाला आपला नेम इतका चांगला आहे हे पन्नासाव्या वर्षी कळलं आणि तो हळदीत मन रमत नाही म्हणू लागला.

पंधरा दिवसांत बाळंतिणीत जागा मिळेना. सांगलीत ज्यांचं काडीचं काम नव्हतं ती माणसं सांगलीला जाऊ लागली. सातारच्या अड्ड्यावर तिकीट काढताना लोक लालासाहेबांना बाजूला घेऊन विचारत, "आज बंद पडंल न्हवं नक्की?"

"ही वक्तशीर सेवा आहे," लालासाहेब ताठ मानेनं पाटीकडं बोट दाखवत.

आणि खरंच होती. सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकराला मोटार चढावर बंद पडे. आसपासच्या रानांतली माणसं तिच्यावरून न्याहारीची भांडी आवरत.

हे असं सुखात चाललेलं असताना तीन महिने भरले आणि परवान्याच्या कचेरीतून लखोटा आला. 'सदर मोटार नियमितपणे एकाच ठिकाणी बंद पडत असल्याचे निदर्शनास आले असून, साहेब येत्या गुरुवारी जातीने प्रवास करतील.' लालासाहेबांनी तो तीनदा वाचला. भाषा उत्तम होती. 'जातीने' हा शब्द तर काळजात घुसला. डोळ्यांपुढं नानासोंची नवी गादी आली.

"ह्यात काय हाय?" भाऊसो म्हणाले. "ड्रम निम्माच भरायचा. बाकीचं पोतं मी माज्या वळकटीत गुंडाळून त्येच्यावर बसतो. जमादाराची वळकटी सोडाय लावनारा कारकून अजून जलमायचाय. बसऱ्याला..."

बसऱ्याला काय झालं ते लालासाहेबांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी भाऊसोंचे पाय धरले.

गुरुवारी साहेब आले. बारीक, गंभीर, हातात घड्याळ, मांडीवर फाइल. साताऱ्यापासून एक शब्द बोलले नाहीत. मोटार तुडुंब होती. इस्लामपुराला धुळा चढला, आता दोन मडकी घेऊन. ड्रम निम्मा भरला. भाऊसो वळकटीवर बसून मिशीला पीळ देत राहिले. आणि सव्वाअकराला पाच मिनिटं कमी असताना बाळंतिणीनं म्हसोबाचा चढ घेतला. उचकी नाही, खोकला नाही, एखादी सासुरवाशीण माहेरच्या वेशीत शिरावी तशी सुर्रकन वर!

लालासाहेबांची छाती फुगली. साधारण अर्धा फर्लांग ती तशीच फुगलेली होती. मग त्यांच्या कानांवर शांतता आली. मागं वळून बघितलं तर चाळीस माणसं खिडक्यांतून मागं बघत होती. मागं, रानाच्या बांधावर, रंगुबाई कणसांचा भारा घेऊन उभी होती आणि लहान लहान होत चालली होती.

"मालक," धुळा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माजं दही?"

"सकाळधरनं पोटात कन न्हाई माज्या," पैलवान म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पैसं परत द्या!"

"फसवनूक हाय ही! मोटार चालती म्हंजी काय?"

लालासाहेबांनी घाबरून साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कोटाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली होती. तिच्यातून तिळाच्या चटणीचा वास येत होता. साहेबांनी पुडीकडं पाहिलं, मागं गेलेल्या चढाकडं पाहिलं, आणि पुडी पुन्हा घडी घालून अत्यंत सावकाश खिशात ठेवली. मग फाइल उघडून पेन काढलं.

लालासाहेबांना मोटारीतलं काही कळत नसे. पण तीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हांचे साहेब पाहिले होते, आणि उपाशी साहेब पेन उघडतो तेव्हा काय लिहितो, हे त्यांना पाठ होतं.

"आकाराम!" ते पुटपुटले. "बिघाड!"

"न्हाई साब, आज एकदम फस्क्लास हाय."

"अरे, तोच तर बिघाड! मागं घे!"

आकारामनं उलटा गियर टाकून मोटार चढाच्या माथ्यावर आणली आणि सोडून दिली. मोटार चढावरून उलटी, घरंगळत, हर हर महादेवच्या गजरात मागं निघाली. ती अर्ध्या चढावर थांबली तेव्हा रंगुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बंद पडली?" तिनं विचारलं.

"पडली," चाळीस माणसं एका आवाजात म्हणाली.

रंगुबाईनं आकारामकडं बघितलं. इंजिन बेरकी मांजरासारखं गुरगुरत होतं. "ही तर जित्ती हाय. मुद्दाम थांबलासा. म्हंजी गिऱ्हाइकं तुमी. म्या गिऱ्हाइकास्नी..."

पुढचं लालासाहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी भाऊसोंना वळकटीवरून उठवलं (जमादार आयुष्यात पहिल्यांदाच मोर्चा सोडून उठले), पोतं ओढून काढलं, ते खांद्यावर घेतलं, आणि परवान्याच्या साहेबांच्या डोळ्यांदेखत, धुतलेल्या कोटासकट ड्रमच्या शिडीवर चढून सगळा कोळसा आत ओतला. मग वरून पायानं ठासला. मोटारीनं त्यांच्याकडं, शपथेवर सांगता येईल, दुःखानं पाहिलं. दोन उचक्या दिल्या. आणि थांबली.

आकारामनं हँडल फिरवून फिरवून बघितलं. "खलास, साब."

रंगुबाईनं स्वतः ड्रमला कान लावला. मग पदर खोचला.

"आता पडली," ती म्हणाली. "या, पाव्हनं."

साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि पुडी बाहेर काढली. त्या दिवशी त्यांनी काय आणि किती खाल्लं याची नोंद फाइलीत नाही. फाइलीत एवढंच आहे : 'मोटार चढावर बंद पडते हे समक्ष पाहिले. कारण, जकातीच्या धास्तीने भरलेला जादा कोळसा. प्रवाशांची तक्रार मोटार बंद पडण्याबद्दल नसून न पडण्याबद्दल आहे. परवाना कायम करण्यास हरकत नाही.'

शनिवारी नानासोंचं कार्ड आलं : 'मुनिमाची जागा भरली. रविवारी आम्ही पाच जण सातारला येऊन सोमवारी मोटारीने परत निघतो. बंद पडेल ना? दाजींनी एवढे बघावे.' लालासाहेबांनी ते कार्ड देवापाशी ठेवलं. कान एकदम हलका वाटला.

आता सगळं मार्गी लागलं असं समजून लालासाहेब त्या सोमवारी बांधावर जरा ऐसपैस बसले होते. पलीकडं नानासो माळ्यावर उभे राहून गोफणीनं स्वतःच्याच फेट्याला दगड मारत होते. तेवढ्यात आष्ट्याच्या बाजूनं सायकलवरून कुणीतरी आलं. सुतानं बांधलेला चष्मा. जकात नाक्याचे कारकून! रजा टाकून, वासाच्या मागानं आलेले. सायकल पंक्चर झाली होती, त्यामुळं ते रीतसर पाहुणे ठरले आणि रंगुबाईनं त्यांच्यापुढं पहिली ओंजळ ठेवली. लालासाहेबांनी उदार मनानं चटणी पुढं सरकवली. जित्याची खोड म्हणून एवढंच विचारलं, "हुरडा हा माल म्हणायचा की इंधन?"

कारकून हसले. त्यांनी दोन ओंजळी संपवल्या, दही घेतलं, तिसरी मागितली. मग त्यांचे डोळे कृतज्ञतेनं भरून आले आणि त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक कागद काढला.

"जगदाळे, तुमच्यासाठी मीच वर खटपट केली. तुमचा अर्ज मंजूर झाला. उद्यापासून पोत्यातला कोळसा इंधन. जकात माफ. आता ड्रम ठासायला नको, मोटार हा चढ हसत हसत चढेल!"

माळ्यावरची गोफण थांबली. रंगुबाईच्या हातातलं कणीस निखाऱ्यात करपायला लागलं. शालूबाईंनी नवऱ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की ज्यानं मुळात असला अर्ज केला त्या माणसाबद्दल त्यांचं काय मत आहे, हे सगळ्यांना कळावं.

लालासाहेबांनी हात जोडले. "रावसाहेब, कोळसा माल आहे हो. मालच आहे. तुम्हीच पहिल्या दिवशी ओळखलंत. माझी चूक झाली. तो अर्ज मागं घेतो."

कारकुनांनी चौथी ओंजळ तोंडात टाकली. सावकाश चावली. मग नजर वर, आभाळाकडं नेली.

"मागं घ्यायला वेगळा अर्ज लागतो," ते म्हणाले. "तीन प्रतींत."

आकारामनं मोटारीतून कागद आणून दिला. कोळशाचे हात धोतराला पुसून लालासाहेबांनी मांडी घातली, आणि कचेरीतल्या तीस वर्षांत कधी काढलं नव्हतं इतक्या वळणदार अक्षरात लिहायला घेतलं.